आई सहा महिने लेकीकडे अमेरिकेला चालली आहे? बॅग भरायच्या आधी तिचा फोन तयार करा

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी माझी आई ताईच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली. तयारी महिनाभर चालली होती. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मेतकूट, बाळाची झबली-टोपडी, सगळं घरच्या वजनकाट्यावर तोलून भरलं गेलं. फोनचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण घरात इंजिनिअर मी. मी ते निघायच्या आदल्या रात्री अर्ध्या तासात उरकलं. "तिथे पोहोचलीस की ताई देईल ते सिम घाल, झालं," असं सांगून मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात बाबांचा नाशिकहून फोन. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं होतं, आणि त्यासाठीचे पैसे आईच्या खात्यात. आईने तिकडून नेटबँकिंग उघडलं, पासवर्ड टाकला, ओटीपी काही येईना. मी विचारलं, "आई, तुझं इथलं सिम कुठंय?"

"अरे, हरवू नये म्हणून हळदी-कुंकवाच्या डबीत ठेवलंय."

डबी सुदैवाने तिच्याच बॅगेत होती. सिम परत फोनमध्ये घातलं, तर नेटवर्क शून्य. का? तर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालूच केलेलं नव्हतं. ते चालू करायला मोबाइल कंपनीचं अ‍ॅप उघडलं, तर त्यात शिरायला ओटीपी हवा. तो येणार कुठे? त्याच बंद पडलेल्या सिमवर! मी पुण्यात कंपनीच्या दुकानात गेलो, तर म्हणाले, ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांना घेऊन या. शेवटी मी माझ्या फोनवरून आईच्या नंबरवर रोमिंगचा पॅक रिचार्ज केला, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी नेटवर्क आलं आणि ओटीपी पोहोचला. त्या एका एसएमएससाठी महागडा पॅक वाया गेला. चूक आईची नव्हती. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि ते 'कुणी' म्हणजे मी.

तुमच्याही घरातून कुणी मुलाकडे, लेकीकडे, मावशीकडे काही महिने राहायला चाललं असेल, किंवा तुम्ही स्वतः जाणार असाल, तर हा लेख आधी वाचा. मी अमेरिकेचं उदाहरण घेतोय कारण तेच मला जवळून माहीत आहे. बऱ्याच गोष्टी इतर देशांनाही लागू पडतील.

ओटीपी वायफायवरून येत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. "ताईकडे वायफाय आहे की, मग मेसेज का नाही येत?" हे आईने मला तीनदा विचारलं. व्हॉट्सअ‍ॅप चालतं ते इंटरनेटवर. बँकेचा ओटीपी मात्र साधा एसएमएस असतो आणि तो इंटरनेटवरून नाही, मोबाइलच्या नेटवर्कवरून येतो. तुमचं भारतीय सिम परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या टॉवरला जोडलं गेलं की ती कंपनी इथल्या कंपनीला कळवते, "हा नंबर सध्या आमच्याकडे आहे." ही नोंद झाली की भारतातून निघालेला एसएमएस बरोबर त्या टॉवरकडे पाठवला जातो. नोंदच झाली नाही, तर मेसेज बिचारा वाट बघत बसतो आणि दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. काही कंपन्यांच्या वायफाय कॉलिंगमधून परदेशातही एसएमएस येतात, पण ते कंपनी, प्लॅन आणि फोन या तिन्हींवर अवलंबून असतं. जमलं तर उत्तमच, पण फक्त त्याच्या भरवशावर विमानात बसू नका.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात. सिम फोनमध्ये असलं पाहिजे, आणि त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा चालू असली पाहिजे.

इथे एक घोळ हमखास होतो. फोनच्या सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग' हे बटण वेगळं आणि कंपनीकडची रोमिंग सेवा वेगळी. कंपनीकडची सेवा चालू हवी. फोनमधलं भारतीय सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद हवं, नाहीतर पॅक नसताना एखादं अ‍ॅप गुपचूप अपडेट होईल आणि बिल बघून घाम फुटेल. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसचे पैसे लावत नाहीत. आलेला कॉल उचलला तर मात्र पॅक नसताना मिनिटामागे पैसे जातात. त्यामुळे आईला साधा नियम सांगा: भारतातल्या नंबरवर कॉल आला तर उचलायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करायला सांगायचं. रोमिंग सेवा इथे असतानाच चालू करून घ्या. अ‍ॅपमध्ये ती चालू दिसते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही प्रीपेड नंबरवर रोमिंगचा पॅक मारल्याशिवाय सेवा चालूच होत नाही, तेही आधीच विचारून घ्या.

आता रिचार्जचा हिशोब. ८४ दिवसांचे दोन रिचार्ज म्हणजे १६८ दिवस. सहा महिने म्हणजे साधारण १८०. शेवटचे बारा दिवस, नेमके परतीच्या धावपळीतले, उघडे पडतात. सरळ ३६५ दिवसांचा प्लॅन मारा. आई परत आल्यावरही तो चालूच राहील, पैसे वाया जाणार नाहीत.

दोन सिम, एक ट्रे आणि ताईचा जुना आयफोन

आईच्या फोनमध्ये हायब्रिड ट्रे होता, म्हणजे दुसऱ्या सिमच्या जागी मेमरी कार्ड. त्यामुळे अमेरिकन सिम घालायचं तर भारतीय सिम काढावंच लागलं आणि ते डबीत गेलं. जायच्या आधी ट्रे उघडून बघा. मेमरी कार्ड असेल तर त्यातले फोटो दुसरीकडे हलवून ते काढून टाका. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर काम आणखी सोपं. भारतीय सिम जागेवरच ठेवायचं आणि अमेरिकेतला नंबर ई-सिमवर घ्यायचा.

"मी वापरून झालेला आयफोन देते की तिला," असं तिकडची ताई किंवा दादा प्रेमाने म्हणेल. तेव्हा एक प्रश्न विचारा: कुठलं मॉडेल, आणि कुठे विकत घेतलेलं? अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ पासून सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर. आईचं प्लास्टिकचं सिम त्यात घालणार कुठे? तसा फोन वापरायचाच असेल तर भारतातच सिमचं ई-सिम करून घ्यावं लागेल. आणि हे निघायच्या दिवशी करू नका. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. सगळं नीट चालतंय हे बघायला निदान आठवडा हाताशी ठेवा.

आणखी एक गोष्ट फोनच्या खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि कुणी वाचत नाही: बँड. बँड म्हणजे रेडिओ लहरींचे ठरावीक पट्टे. भारतात ४जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालतं. अमेरिकेत २, ४, ५, १२, १३, ६६, ७१ असे बँड महत्त्वाचे. यादी जुळवून पाहा, स्वस्तातल्या बऱ्याच भारतीय फोनचे एक-दोनच बँड जुळतात. मग तिकडे गेल्यावर शहरात रेंज दिसते आणि घराच्या तळघरात किंवा जरा गावाबाहेर गेलं की गायब. शिवाय अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, त्यामुळे साधा कॉलसुद्धा व्हीओएलटीईवरच होतो. बाबांचा जुना बटणांचा फोन तिकडे शोभेची वस्तू आहे. कंपनीच्या साइटवर मॉडेलचा नंबर टाकून बँड तपासायला पाच मिनिटं लागतात. बँड फारच कमी जुळत असतील, तर आधी विचार करा.

चार्जरची काळजी नको. तिकडे वीज १२० व्होल्टची असते, पण फोनच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं, तेव्हा फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. (मिक्सर मात्र नेऊ नका. तो २३० व्होल्टचा, तिथे धड फिरणार नाही. आमच्या घरी यावर मोठा वाद झाला होता.)

अमेरिकेतला नंबर घेताना प्रवाशांसाठीचं ई-सिम स्वस्त दिसतं. आठ-दहा दिवसांच्या सहलीला ते ठीक, पण त्यात बहुतेकदा नुसता डेटा असतो, नंबर नसतो. सहा महिने राहणाऱ्या माणसाला स्वतःचा नंबर लागतो. दवाखान्याची वेळ घ्यायला, शेजारणीला द्यायला, वाट चुकली तर कुणाकडून तरी फोन करून घ्यायला. ताईच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवणं हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग.

व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलू नका

अमेरिकन सिम घातलं की व्हॉट्सअ‍ॅप कधीकधी विचारतं, नंबर बदलायचा का? उत्तर: नाही. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहू शकतं, इंटरनेट नव्या सिमचं असलं तरी. नंबर बदलला तर भिशीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे "हा कोण नवीन नंबर?" सुरू होतं. आणि अनोळखी नंबरवरून 'मी तुझी मावशी, पैसे पाठव' असे फसवे मेसेज इतके येतात की खऱ्या मावशीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

निघायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन लावा, बॅकअप घ्या, आणि पिन आईच्या लक्षात राहील असा ठेवा. तिचा वाढदिवस नको, तो सगळ्या जगाला माहीत असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप्सना निर्देश दिले आहेत की ज्या सिमवर खातं काढलं, ते सिम फोनमध्ये असेल तरच अ‍ॅप चालावं. म्हणजे सिम डबीत ठेवण्याची सोय आता व्हॉट्सअ‍ॅपच्या बाजूनेही संपत चालली आहे.

यूपीआयचं तर मूळच सिममध्ये आहे. नवीन फोनवर यूपीआय चालू करताना अ‍ॅप तुमच्या सिममधून एक एसएमएस बाहेर पाठवतं आणि बँक त्यावरून ओळखते की हा फोन तुमचाच. परदेशातून हा एसएमएस पाठवायला पैसे पडतात आणि तो बऱ्याचदा अडकतो. म्हणून फोन बदलायचा असेल तर तो भारतातच बदला, यूपीआय इथेच चालू करा, आणि तिकडे गेल्यावर अ‍ॅप काढून परत टाकायचे प्रयोग करू नका. एकदा चालू झालेलं यूपीआय तिकडच्या वायफायवरूनही इथल्या माणसाला पैसे पाठवायला उपयोगी पडतं. मात्र तिथल्या दुकानात भाजी घेऊन क्यूआर कोड शोधत बसू नये, तिकडे कार्डच लागतं.

आणि कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो. चालू करताना मर्यादा लहान ठेवा, कारण अमेरिकेतल्या बऱ्याच साइट्सवर ओटीपी न मागताच कार्डावरून पैसे जातात. आपल्याला सवय नसते, म्हणून सांगतोय.

बँकेचा १८०० ने सुरू होणारा मोफत क्रमांक परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा साधा क्रमांक शोधून फोनमध्ये सेव्ह करा. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांकही भारतात लावायचा, तिकडून तक्रार करायची तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे किंवा इथल्या घरच्या माणसाने फोन करायचा. पेन्शन असेल आणि मुक्कामात नोव्हेंबर येत असेल, तर हयातीच्या दाखल्याचं काय करायचं हे बँकेला निघण्याआधीच विचारा.

उतरल्यावर पहिलं काम: तारीख बघा

व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना साधारणपणे सहा महिने मिळतात. ही नोंद आय-९४ नावाची असते आणि ती आता ऑनलाइन ठेवली जाते. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या सरकारी साइटवर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर टाकला की ती फुकट दिसते. पैसे मागणारी साइट दिसली तर मागे फिरा. नाव पासपोर्टवर आहे तसंच आहे का आणि 'या तारखेपर्यंत राहता येईल' ही तारीख कुठली, हे दोन्ही पाहा, पीडीएफ करून आईच्या आणि तुमच्या फोनमध्ये ठेवा. त्या तारखेच्या एक महिना आधीचा रिमाइंडर लावा. नातवाच्या कोडकौतुकात ही तारीख निघून गेली तर पुढच्या वेळचा व्हिसा अवघड होऊन बसतो.

घड्याळ आणि दुपार

उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. त्या रविवारी एकाच घरात दोन वेळा नांदतात! फोनच्या होम स्क्रीनवर दोन शहरांचं घड्याळ लावून द्या, एक तिथलं, एक 'घर'. गोळ्यांचे अलार्म फोन स्थानिक वेळेनुसारच वाजवतो. पण बारा तासांच्या अंतराने घ्यायची किंवा साखरेची गोळी असेल तर पहिल्या दोन दिवसांचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता जे कुणी सांगत नाही ते. आईचं सगळ्यात अवघड काय गेलं? ओटीपी नाही, इंग्रजी नाही. दुपार. ताई बाळासोबत झोपलेली, जिजाजी कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिथे दुपारचा एक वाजलेला असतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. दोन वाजेपर्यंत भारतातले सगळे झोपलेले. म्हणजे जेव्हा माणसाला बोलायला कुणीतरी हवं असतं, तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला अंधार. सकाळी मात्र उलट. आठ वाजता लागणारी मराठी मालिका तिथे सकाळी साडेदहाला, त्या वेळी घरात बाळाच्या अंघोळीची गडबड.

आम्ही मग काय केलं? मी रात्री झोपण्याआधी तिला पाच मिनिटांचा आवाजी मेसेज पाठवायला लागलो. ऑफिसात काय झालं, काय जेवलो, असंच काहीबाही. तो ती दुपारी ऐकायची आणि उत्तर द्यायची. तिला मराठीत बोलून टाइप करायला शिकवलं. जीबोर्डमध्ये मराठी भाषा घातली आणि माइकचं बटण दाबलं की झालं. तिच्या मेसेजमध्ये आता विरामचिन्हं नसतात, पण गप्पा पूर्ण असतात. मालिकांचं म्हणाल तर भारतातलं सबस्क्रिप्शन तिकडे चालेलच असं नाही. प्रसारणाचे हक्क देशानुसार वाटलेले असतात आणि अ‍ॅपला इंटरनेटच्या पत्त्यावरून देश कळतो. तिथे काय मिळतं ते ताईला आधीच बघून ठेवायला सांगा.

एक करू नका: प्ले स्टोअरचा देश अमेरिका करू नका. तो वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणजे परत आल्यावर भारतातली काही अ‍ॅप्स मिळताना पंचाईत होऊ शकते. तिकडच्या एखाद्या दुकानाचं अ‍ॅप सापडलं नाही तर ब्राउझरमध्ये त्यांची साइट उघडा, काम होतं.

ताईचं घर, ताईची यंत्रं

पहिल्या आठवड्यात आईने फोडणी दिली आणि घरभर कर्णकर्कश आवाज सुरू झाला. धुराचा अलार्म. बाळ रडायला लागलं, आई घाबरून खिडक्या उघडायला धावली. तिकडे घरात हे अलार्म असतातच. फोडणीच्या आधी चुलीवरचा पंखा लावायचा, आणि अलार्म वाजला तर आवाज कुठल्या बटणाने थांबवायचा, हे दाखवून ठेवायला हवं.

बाकीची यंत्रंही तशीच. दारावरची कॅमेऱ्याची बेल, भिंतीवरचा थर्मोस्टॅट, बोललं की दिवा लावणारा स्पीकर. थर्मोस्टॅटवर ७२ दिसलं की आईला वाटायचं काहीतरी पेटलंय. ते फॅरनहाइट, म्हणजे आपले साधारण २२ अंश. ताई-दादांनो, तुमच्यासाठी एक विनंती: घरात कॅमेरे कुठे आहेत आणि कुठल्या कॅमेऱ्यातून आवाजही ऐकू जातो, हे आई-बाबांना पहिल्याच दिवशी सांगा. बाळाच्या खोलीतला कॅमेरा आपलं गुणगुणणंही ऐकतो, हे माझ्या आईला पंधरा दिवसांनी कळलं. ती हसली, पण नंतर त्या खोलीत गाणं म्हणायची बंद झाली. शेवटी ताईने त्याचा आवाज बंद करून दाखवला, तेव्हा अंगाई पुन्हा सुरू झाली.

गुगल ट्रान्सलेटमध्ये इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा डाउनलोड करून द्या आणि कॅमेऱ्याने पाकिटावरचं वाचायला शिकवा. तरी काही शब्द त्यालाही धड जमत नाहीत. सिलॅन्ट्रो म्हणजे कोथिंबीर, ओक्रा म्हणजे भेंडी, एगप्लांट म्हणजे वांगं, ऑल पर्पज फ्लोअर म्हणजे मैदा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अ‍ॅसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. टायलेनॉलमध्ये तेच असतं. भारतातून नेलेली क्रोसिन घ्यायची आणि वर तिकडची सर्दीची गोळीही, तर एकच औषध दोनदा पोटात जाऊ शकतं, कारण सर्दीच्या बऱ्याच औषधांत तेही घातलेलं असतं. औषधांची यादी ब्रँडच्या नावाने नाही, घटकांच्या नावाने करून तिचा फोटो फोनमध्ये ठेवा.

अडचणीच्या वेळी तिकडे ९११. आईकडून मोठ्याने दोन-तीनदा म्हणून घ्या (लावून बघू नका!). घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा आणि नकाशात 'घर' म्हणून सेव्ह करा. वायफाय कॉलिंग वापरणार असाल तर अमेरिकन कंपनी आणीबाणीचा पत्ता भरायला सांगते. तो वगळू नका, वायफायवरून लागलेल्या कॉलमध्ये मदत कुठे पाठवायची हे त्या पत्त्यावरूनही ठरतं.

ताईच्या घरापासून सार्वजनिक वाचनालय पंधरा मिनिटांच्या चालीवर. जुलैमध्ये एका दुपारी आई एकटीच निघाली. फोनमध्ये नकाशा, खिशात पत्त्याचा कागद, आणि ताईला लोकेशन शेअर केलेलं. मी त्या वेळी झोपलेलो. सकाळी उठलो तर आठ फोटो आलेले. वाचनालयाची पाटी, आतलं फुकट वायफाय, रस्त्यातली खार, आणि एका गुजराती आजींसोबत बाकावर काढलेला सेल्फी. खाली बोलून टाइप केलेला मेसेज होता: "ह्या रोज येतात मी पण येणार तू काळजी करू नको आणि दूध संपलंय ते बाबांना सांग".

परत यायच्या आधी तीन कामं: ताईच्या फॅमिली प्लॅनमधली लाइन बंद करायला सांगा, फोनमधलं अमेरिकन ई-सिम काढा, आणि तिथल्या टीव्हीवर, टॅबवर आईचं गुगल खातं उघडं राहिलेलं नाही ना ते बघा. भारतात उतरल्यावर भारतीय सिमवर कॉल आणि डेटा परत चालू करावा लागतो. आई मुंबईला उतरल्यावर वीस मिनिटं आम्ही एकमेकांना शोधत होतो, ते याच कारणाने.

आता ऑक्टोबरात बाबांची पाळी आहे. त्यांचा फोन मी नाही, आईने तयार केलाय. रोमिंगचा स्क्रीनशॉट, वर्षाचा रिचार्ज, कव्हरमध्ये पत्त्याचा कागद, सगळं. हळदी-कुंकवाची डबी या वेळीही बॅगेत आहे. त्यात तिने सिमचा ट्रे उघडायची पिन ठेवली आहे.